ब्लॅकपूल आधी, ब्रायटन नंतर : इंग्लंडच्या किनाऱ्यावर काय पाहावे

१/ लंडनला गेलेल्या मराठी प्रवाशाच्या हाताशी एखादा दिवस उरला की तो ब्रायटनला जातो. तासाभराचा रेल्वेप्रवास, पॅव्हिलियनच्या घुमटांपुढे छायाचित्र, गोट्यांच्या किनाऱ्यावर थोडी रपेट, फिश अँड चिप्स आणि संध्याकाळी परत. यात गैर काही नाही. मात्र इंग्लंडचा समुद्रकिनारा पाहायचा म्हणजे नेमके काय पाहायचे, हा प्रश्न तसाच राहतो.

२/ या धाग्याचे म्हणणे थोडक्यात असे. इंग्लंडमधील समुद्रावरची सुट्टी ही राजाने रूढ केलेली हौस होती आणि पुढे ती खालपर्यंत झिरपली, अशी जी कथा पर्यटनाच्या पुस्तकांत सांगितली जाते ती निम्मीच खरी आहे. उरलेली निम्मी कथा लँकेशायरच्या गिरणी कामगारांनी लिहिली आणि ती ब्लॅकपूलमध्ये आजही उभी आहे. तिच्यात मुंबईचा आणि वऱ्हाडचा कापूसही गुंतलेला आहे. म्हणून क्रम बदलावा : ब्लॅकपूल आधी, ब्रायटन नंतर. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

३/ आरंभ औषधापासून. सतराव्या शतकात यॉर्कशायरच्या स्कारबरो गावी डोंगरकड्याखाली खनिजयुक्त पाण्याचा झरा सापडला आणि धनिक लोक ते पाणी प्यायला येऊ लागले. झरा समुद्राला लागूनच असल्यामुळे हळूहळू समुद्रात डुबकी घेणे हाही उपचाराचा भाग झाला. १७३५ सालच्या स्कारबरोच्या एका चित्रात चाकांवरची स्नानाची खोली दिसते. घोडा ती खोली पाण्यात ओढून नेई, आतला माणूस कपडे उतरवून मागच्या दाराने थेट लाटांत उतरे.

४/ या प्रथेला शास्त्राचा शिक्का दिला तो लुईस गावच्या डॉ. रिचर्ड रसेल यांनी. ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचे पाणी हा उपाय आहे, असे प्रतिपादन करणारा त्यांचा लॅटिन प्रबंध १७५० मध्ये निघाला. समुद्रात स्नान तर करावेच, शिवाय ते पाणी प्यावेही, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी लवकरच ब्रायटनला बस्तान बसवले आणि कोळ्यांची ती वस्ती आरोग्यधाम झाली.

५/ आज हे हास्यास्पद वाटेल. पण आपल्याकडेही दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत डॉक्टर आजाऱ्याला ‘हवापालट’ सांगत आणि सुस्थितीतील घरे माथेरान-महाबळेश्वरची वाट धरीत. हवा आणि पाणी बदलल्याने माणूस बरा होतो, हा विश्वास दोन्हीकडचा. फरक इतकाच की हिंदुस्थानातील साहेब हवेसाठी डोंगर चढत होता आणि त्याचे मायदेशातील भाऊबंद समुद्राकडे धावत होते.

६/ त्या काळी लोक समुद्रात पोहत नसत. त्यांना बुचकळून काढले जाई, आणि ते करणाऱ्या बायकांना ‘डिपर’ म्हणत. ब्रायटनची मार्था गन ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. दणकट देहाची ही बाई नाजूक सरदारकन्यांना थंडगार लाटेत दाबून धरी आणि त्याचे पैसे घेई. १८१५ मध्ये ती वारली. सेंट निकोलस चर्चच्या आवारात तिची कबर आहे.

७/ त्याच आवारात आणखी एक कबर आहे आणि भारतीय प्रवाशाने ती चुकवू नये. शेख दीन महंमद, जन्म १७५९, पाटणा. कंपनीच्या बंगाल फौजेत वाढलेला हा मुलगा आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्याबरोबर आयर्लंडला गेला आणि १७९४ मध्ये त्याने आपले प्रवासवर्णन इंग्रजीत छापले. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. १८१० मध्ये त्याने लंडनमध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढले, ते बुडाले. त्यानंतर तो ब्रायटनला आला.

८/ ब्रायटनमध्ये त्याने बाष्पस्नान आणि चंपी यांचे स्नानगृह थाटले. आपल्या चंपीचा इंग्रजी ‘शॅम्पू’ झाला तो याच काळात. तेव्हा त्याचा अर्थ अंग रगडणे असा होता, केस धुणे हा अर्थ नंतरचा. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो ‘शॅम्पूइंग सर्जन’ होता. म्हणजे इंग्रजांच्या समुद्रकिनाऱ्यावरील उपचाराला ज्यांनी आकार दिला, त्यांत एक पाटण्याचा माणूस होता. १८५१ मध्ये तो वारला तोवर काळ बदलला होता आणि ब्रायटनने त्याला जवळजवळ विसरून टाकले होते.

९/ राजांची गोष्ट इथे पटकन आटोपावी, कारण ती सर्वत्र मिळते. तिसरा जॉर्ज १७८९ मध्ये प्रकृतीसाठी वेमथला गेला. तो पाण्यात शिरला की जवळच वाद्यवृंद राष्ट्रगीत वाजवी. त्याचा उधळ्या मुलगा १७८३ पासून ब्रायटनला येत होता. त्यानेच बांधवलेल्या पॅव्हिलियनला १८१५ नंतर जॉन नॅशने आजचे रूप दिले : बाहेरून मोगली, आतून चिनी. नॅश हिंदुस्थानात कधी आला नव्हता. डॅनियल काका-पुतण्यांची चित्रे त्याच्यासमोर होती. व्हिक्टोरिया राणीला ते घर आणि तिथली गर्दी दोन्ही आवडले नाहीत. १८५० मध्ये ब्रायटन शहराने ते विकत घेतले. राजवाडा नगरपालिकेचा झाला, ही या साऱ्यातली सर्वांत चांगली घटना.

१०/ आता खरी गोष्ट. समुद्रावर जायला वेळ लागतो आणि भाडे लागते. गिरणीत राबणाऱ्याकडे दोन्ही नव्हते. १८४४ च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक मार्गावर दिवसातून एक तरी गाडी मैलाला एक पेनी या दराने तिसऱ्या वर्गाच्या उतारूंसाठी सोडण्याची सक्ती केली. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व मुलांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले, आणि त्यांच्याशिवाय गिरणी चालतच नसल्याने पुरुषांचेही थांबले. १८७१ मध्ये जॉन लबक यांच्या कायद्याने बँकांना सुट्टीचे सोमवार मिळाले. अशी एकेक खुंटी ठोकली गेली.

११/ पण लँकेशायरला याहून जुनी एक गोष्ट ठाऊक होती. तिथल्या प्रत्येक गावी ‘वेक्स’ नावाचा उत्सव असे, चर्चच्या संत-दिनाचा. आपल्याकडच्या ग्रामदैवताच्या जत्रेसारखाच. यंत्रयुग आले तरी कामगारांनी हा उत्सव सोडला नाही. वेक्सच्या दिवसांत ते गिरणीकडे फिरकतच नसत. मालकांनी दंड केले, धमक्या दिल्या; अखेर त्यांनी शहाणपणाने त्या आठवड्यात गिरणी बंद ठेवून बॉयलर दुरुस्त करून घ्यायचे ठरवले. ओल्डमचा आठवडा वेगळा, बोल्टनचा वेगळा, बर्नलीचा वेगळा. उन्हाळाभर एकेक गाव आळीपाळीने रिकामे होई आणि समुद्राकडे जाई.

१२/ ही सुट्टी बिनपगारी होती, हे अधोरेखित करायला हवे. आठवडाभर मजुरी नाही, शिवाय खर्च दुप्पट. मग पैसा कुठून? गिरण्यांत, देवळांत, गल्ल्यांत ‘गोइंग-ऑफ क्लब’ असत. वर्षभर दर आठवड्याला काही पेन्स जमा करायचे आणि वेक्सच्या आदल्या दिवशी एकदम उचलायचे. आपल्या भिशीची ही चुलत बहीणच. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत बायकाही मागांवर काम करून मजुरी मिळवीत. एका घरात तीन-चार जण कमावते असत. म्हणूनच आठवडाभर समुद्रावर राहू शकणारा पहिला मोठा कामगारवर्ग इंग्लंडच्या याच कोपऱ्यात उभा राहिला. ही कुणाची कृपा नव्हती.

१३/ ब्लॅकपूलला रेल्वे १८४६ मध्ये पोचली. पुढच्या पन्नास वर्षांत तिथे जे उभे राहिले ते पाहिले की त्या गावाचा आवाका कळतो : १८६३ मध्ये नॉर्थ पिअर, १८६८ मध्ये सेंट्रल पिअर, १८७८ मध्ये विंटर गार्डन्स, १८८५ मध्ये विजेची ट्राम, १८९३ मध्ये तिसरा पिअर, १८९४ मध्ये टॉवर. १८७९ च्या कायद्याने नगरपालिकेला गावाच्या जाहिरातीसाठी कर बसवण्याचा अधिकार मिळवून दिला. तसा अधिकार तेव्हा इतरांना नव्हता. त्याच वर्षी किनाऱ्यावर आठ आर्क दिवे लावून रात्रीचा दिवस करण्याचा प्रयोग झाला. आजची ब्लॅकपूलची रोषणाई त्याची वारस आहे.

१४/ पिअर म्हणजे काय, हे मराठीत एका शब्दात सांगणे कठीण. धक्का म्हणावे तर बोटी लागण्याचा उद्देश लवकरच मागे पडला. समुद्रात शिरलेला, लोखंडी खांबांवरचा फळ्यांचा रस्ता. पुढे नाटकघर, पाळणे, चहाची दुकाने. बोटीत न बसता समुद्रावर चालता यावे, इतकाच त्याचा हेतू. त्यासाठी पेनीभर प्रवेशशुल्क आनंदाने देणारी माणसे होती, यात त्या वर्गाची सुखाची कल्पना सारी आली. एसेक्समधील साउथएंडचा पिअर दोन किलोमीटरहून लांब आहे. त्यावर छोटी रेल्वे धावते. वेळ असेल तर त्या गाडीत जरूर बसावे. जाताना गाडीने जावे आणि येताना चालत यावे.

१५/ ब्लॅकपूल टॉवरची उंची १५८ मीटर. प्रेरणा अर्थातच आयफेलची. पण पॅरिसचा मनोरा नुसता मनोरा आहे. ब्लॅकपूलच्या मनोऱ्याच्या चार पायांमध्ये सर्कस आहे आणि शेजारी नृत्यगृह आहे. सुरुवातीला आत जायला सहा पेन्स, वर चढायला आणखी सहा पेन्स, सर्कशीला आणखी सहा. १८९९ मध्ये नाट्यगृहांचे स्थापत्यकार फ्रँक मॅचम यांनी नृत्यगृह नव्याने सजवले. सोनेरी सज्जे, रंगवलेले छत, झुंबरे, आणि पायाखाली हजारो लाकडी तुकड्यांची चकचकीत जमीन.

१६/ इथे थांबायला हवे. ही जागा कुठल्या उमरावाची नव्हती, तिच्यावर कुठल्या राजाचे नाव नाही. आठवडाभर मागांच्या खडखडाटात कान बधिर झालेल्या, ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखायला शिकलेल्या विणकर बायकांनी तिथे नाचावे म्हणून ती बांधली गेली. धंदा होता, नफा होता, सारे मान्य. तरी पन्नास आठवडे ज्यांना कळकट भिंतींखेरीज काही दिसत नसे त्यांच्यासाठी कुणीतरी व्हर्सायची नक्कल उभारावी आणि सहा पेन्सांत आत सोडावे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासात लहान नाही. वुरलिट्झर ऑर्गन तिथे अजून वाजतो, साठी-सत्तरीची जोडपी अजून वॉल्ट्झ करतात. तिकीट काढून सज्जात बसावे, चहा मागवावा आणि तासभर पाहत राहावे. नाचता येत असेल तर नाचावे.

१७/ ब्लॅकपूलची दुसरी संस्था म्हणजे तिथली घरमालकीणबाई. इतिहासकार जॉन वॉल्टन यांनी तिच्यावर १९७८ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. कुटुंब खोली भाड्याने घेई, सामान स्वतः विकत आणी आणि बाई ते शिजवून देई. मीठ-मिरपूड वापरल्याचे पैसे वेगळे लावण्याबद्दल ती विनोदाचा विषय झाली होती. गिरणगावातील खाणावळवाल्या बायका ज्यांना माहीत आहेत त्यांना ही व्यक्तिरेखा परकी वाटणार नाही. तिच्यावरचे विनोद मात्र बहुतेक पुरुषांनी केले. पहाटेपासून चार बिऱ्हाडांची चार वेगवेगळी जेवणे एका चुलीवर रांधणे हा काय प्रकार असतो, ते त्यांना ठाऊक नसावे.

१८/ आता तो दुसरा धागा, ज्याच्याशिवाय ही कथा लबाड ठरेल. कापूस येत कुठून होता? १८६१ पर्यंत तीन-चतुर्थांशाहून अधिक अमेरिकेतून, गुलामांच्या श्रमातून. यादवी युद्धाने तो थांबला आणि लँकेशायरमध्ये उपासमार झाली. त्याच कोंडीत मुंबईच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. बॅक बे भरणीच्या शेअरांचा जुगार उभा राहिला आणि १८६५ मध्ये कोसळला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला, त्यामागे वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत आणण्याची निकड होतीच. लँकेशायरचे कामगार हिंदुस्थानच्या सगळ्या कापसाला सरसकट ‘सुरती’ म्हणत आणि त्याच्या नावाने बोटे मोडीत. आखूड धाग्याचा तो कापूस पुन्हा पुन्हा तुटे आणि नगावर मिळणारी मजुरी बुडे.

१९/ तयार कापड जाई कुठे? त्याची सर्वांत मोठी गिऱ्हाईक हिंदुस्थान होती. टॉवर उघडला ते १८९४ साल. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हिंदुस्थान सरकारने आयात कापडावर जकात बसवताना लँकेशायरच्या दडपणाखाली देशी गिरण्यांच्या वीस नंबरावरील सुतावरही तेवढाच कर लादला. १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या सगळ्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी आली. मुंबईच्या गिरण्यांच्या मानगुटीवरचे ते ओझे १९२५ च्या अखेरीपर्यंत राहिले. ब्लॅकपूलच्या सोनेरी सज्जांकडे पाहताना ही तारीख आठवावी.

२०/ यावर दोन सोपी उत्तरे दिली जातात आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिले असे की ब्लॅकपूलचे सुख हे साम्राज्याच्या लुटीतले होते, तेव्हा त्यात कौतुक कसले. दुसरे असे की बिचाऱ्या विणकरांचा साम्राज्याशी संबंध काय, ते तर स्वतःच पिचलेले. अबकारीसाठी पार्लमेंटवर दडपण आणणाऱ्यांत मालक पुढे होते, हे खरे. पण कामगारांच्या संघटनाही याबाबतीत बहुधा मालकांच्याच बाजूने राहिल्या. आणि तरीही वेक्सचा आठवडा त्यांना मालकांनी दिला नव्हता; तो त्यांनी गैरहजेरीने, हट्टाने आणि पेनी-पेनी साठवून मिळवला होता. एकाच माणसाने आपल्या मालकाविरुद्ध हक्क मिळवावा आणि हजारो मैलांवरच्या दुसऱ्या कामगाराच्या हक्काबद्दल बेफिकीर असावे, हे इतिहासात नेहमीच घडते. त्याची एक बाजू पुसून दुसरी उजळ करणे हे काम प्रचारकांवर सोपवावे.

२१/ सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरच्या डार्वेनला गेले. बहिष्काराने ज्यांचे माग थांबले होते त्याच बायकांनी त्यांच्याभोवती हात उंचावून जयघोष केला. ते छायाचित्र सर्वांना ठाऊक आहे. त्या छायाचित्रातल्या बायका सुट्टीला कुठे जात असत, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही.

२२/ पगारी सुट्टीचा कायदा इंग्लंडमध्ये १९३८ साली झाला. त्याआधी दोन वर्षे बिली बटलिन यांनी स्केगनेसला पहिली सुट्टीची छावणी उघडली होती, आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी या घोषणेसह. आणि १९३७ मध्ये ‘मास ऑब्झर्वेशन’चे तरुण निरीक्षक बोल्टनच्या कामगारांच्या मागोमाग ब्लॅकपूलला वही-पेन्सिल घेऊन पोचले होते. किनाऱ्यावरच्या अंधारात अनाचार किती चालतो याची नोंद करण्याचा त्यांचा मोठा उत्साह होता. हाती फारच थोडे लागले. माणसे बहुतेक थकलेली होती आणि खुर्चीत बसून समुद्राकडे पाहत होती.

२३/ करण्याजोग्या लहान गोष्टी : ‘रॉक’ नावाची साखरेची कांडी विकत घ्यावी. ती कुठेही मोडली तरी आत गावाचे नाव दिसते. साखरेच्या रंगीत पट्ट्यांतून एकेक अक्षर आधी हाताने रचतात, गोलाकार अक्षरे लवकर बसतात म्हणून ती शेवटी. मग मांडीएवढा जाड ओंडका करून तो ओढत ओढत बोटाएवढा बारीक करतात. गाढवावर बसण्याची हौस मुलांची. ब्लॅकपूलच्या गाढवांना नियमानुसार दुपारची तासाभराची सुट्टी आणि शुक्रवारची साप्ताहिक रजा मिळते.  डोनाल्ड मॅगिलची चावट पोस्टकार्डे जुन्या वस्तूंच्या दुकानांत मिळतात. त्यांपायी १९५४ मध्ये लिंकनच्या न्यायालयात त्याच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता. आज ती कुणी आजीलाही पाठवील.

२४/ ज्यांना गर्दी नको त्यांनी दक्षिणेला लाइम रीजिसला जावे. मेरी अ‍ॅनिंग या सुताराच्या मुलीने तिथल्या कड्यांत इक्थिओसॉर शोधला आणि स्त्री म्हणून भूशास्त्रज्ञांच्या मंडळाबाहेरच राहिली. ओहोटीला किनाऱ्यावर अमोनाइट सापडतात. भरतीचे वेळापत्रक पाहूनच उतरावे. मार्गेटला टर्नरच्या प्रकाशासाठी जावे. व्हिटबीला ड्रॅक्युलासाठी जाणारे पुष्कळ असतात, त्यांना सल्ल्याची गरज नाही.

२५/ आता ब्रायटन. पॅव्हिलियन जरूर पाहावा, पण वेगळ्या कारणासाठी. डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या आरंभापर्यंत तो आणि शेजारचा डोम फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते. सातशेहून अधिक खाटा, धर्म-जातीनुसार वेगळी स्वयंपाकघरे, हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे वेगळे नळ. झुंबरांखाली पट्ट्या बांधलेले शीख आणि पठाण, अशी छायाचित्रे साम्राज्याच्या वात्सल्याचा पुरावा म्हणून सर्वत्र वाटली गेली. ऑगस्ट १९१५ मध्ये मीर दस्त यांना राजाने व्हिक्टोरिया क्रॉस दिला तो याच हिरवळीवर.

२६/ गावातच दुसरे रुग्णालय होते, किचनर यांच्या नावाचे, अनाथ-दरिद्री लोकांच्या जुन्या वर्कहाउसमध्ये. तिथे भिंतींवर काटेरी तार होती आणि पहारा होता. हिंदी माणसांनी गावात हिंडू नये, विशेषतः गोऱ्या बायकांशी त्यांचा संबंध येऊ नये, ही धास्ती त्यामागे होती. रुग्णांनाच नव्हे, तिथे काम करणाऱ्या हिंदी वैद्यकीय कर्मचाऱ्यांनाही मोकळीक नव्हती. या कोंडमाऱ्यात गोडबोले आडनावाच्या एका सब-असिस्टंट सर्जनने प्रमुख अधिकारी कर्नल सीटन यांच्यावर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. ब्रायटनला जाणाऱ्या किती मराठी माणसांना हे नाव माहीत असते? पॅव्हिलियनच्या छायाचित्रांत तो कुठेच नाही.

२७/ जे हिंदू आणि शीख सैनिक दगावले त्यांतील ५३ जणांचे दहन गावाबाहेर, पॅचमच्या वरच्या मोकळ्या टेकड्यांवर झाले. त्या जागी १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुरचनाकार ई. सी. हेन्रिकेस यांचा. दहनाच्या चौथऱ्यांवर ग्रॅनाइटच्या तीन शिळा आहेत. त्या ५३ जणांची नावे मात्र तिथे कोरली जायला २०१० साल उजाडावे लागले. छत्रीपर्यंत गाडी जात नाही. मेंढ्यांच्या कुरणांतून चालत जावे लागते. वारा फार असतो. तिथून समुद्र दिसतो.

२८/ आणि आजचे काय? १९५० च्या दशकात विमानाने भूमध्य समुद्रावर नेणाऱ्या स्वस्त सहली सुरू झाल्या, साठच्या दशकात गिरण्या आणि किनाऱ्याच्या रेल्वेशाखा एकामागून एक बंद पडल्या, आणि वेक्सचा आठवडा विरून गेला. २०१९ च्या सरकारी निर्देशांकानुसार इंग्लंडमधील सर्वांत वंचित दहा वस्त्यांपैकी आठ ब्लॅकपूलमध्ये होत्या. जुन्या घरमालकिणींच्या घरांचे तुकडे करून स्वस्त भाड्याच्या खोल्या झाल्या आणि देशभरातून निराधार माणसे तिथे येऊन थडकली. त्याच वर्षी लॉर्ड्सच्या समितीने समुद्रकाठच्या गावांच्या दुरवस्थेवर स्वतंत्र अहवाल दिला.

२९/ त्यामुळे ब्लॅकपूलवर हसणे आज सोपे झाले आहे. प्लास्टिकच्या टोप्या, तळणाचा वास, मद्यपी टोळकी. वृत्तपत्रांतील उच्चभ्रू लेखकांचा तो आवडता विषय आहे. छायाचित्रकार मार्टिन पार यांच्या ‘द लास्ट रिझॉर्ट’ या १९८६ च्या संग्रहावरही, लिव्हरपूलजवळच्या न्यू ब्राइटनमधील श्रमिकांची चेष्टा केल्याचा आरोप झाला होता. आरोप खरा की खोटा याचा निर्णय छायाचित्रे पाहून करावा. पण राजपुत्राच्या उधळपट्टीला ‘वारसा’ म्हणायचे आणि विणकरांच्या झगमगाटाला ‘भडकपणा’, हा भेद रुचीचा नाही, वर्गाचा आहे. पॅव्हिलियनमधील झुंबर धरणारा ड्रॅगन ब्लॅकपूलच्या कुठल्याही दिव्यापेक्षा कमी भडक नाही.

३०/ गिरणगावाच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी तरी ब्लॅकपूलला नाक मुरडू नये. आपल्या गिरणी कामगाराची सुट्टी म्हणजे गणपती-शिमग्याला कोकणात गावी जाणे. ती कुठल्या इमारतीत उरलेली नाही. लँकेशायरच्या कामगाराची सुट्टी निदान विटा-लोखंडात उभी आहे, आणि तिकीट काढून आत जाता येते.

३१/ जाण्याचे मार्गदर्शन : मँचेस्टरहून ब्लॅकपूल नॉर्थ रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास. शक्य तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जावे. रोषणाई तेव्हा असते. दुपारी टॉवरचे नृत्यगृह, मग नॉर्थ पिअरच्या टोकापर्यंत पायी. अंधार पडला की ट्राम पकडावी. ती किनाऱ्याने उत्तरेला फ्लीटवुडपर्यंत जाते. दिवे मागे पडतात आणि डाव्या हाताला नुसता काळा समुद्र उरतो.